हळदीच्या कागदावर आजीचं बोट

शनिवारी परळला एका शाळेच्या हॉलमध्ये मी उभी राहून टाळ्या वाजवल्या... या वयात, हात दुखेपर्यंत. आणि त्या टाळ्यांमध्ये थोडा वाटा एका पानाच्या डब्याचाही होता.

लालबागच्या एका चाळीत दर रविवारी मी लहान मुलांना चित्रांची पुस्तकं वाचून दाखवते. पुस्तकं बहुतेक इंग्रजी, म्हणून चित्र दाखवत दाखवत गोष्ट मराठीत सांगायची. खरं तर मी त्यांच्या आज्यांच्या वयाची, पण मुलं मावशी म्हणतात आणि मला ते आवडतं.

त्यात चौथीतली स्वरा येते. गेल्या वर्षी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक समोर उभे राहिले आणि तिच्या तोंडून शब्दच फुटेना. शेवटी शेजारच्या मुलीने तिचा प्रयोग समजावून सांगितला... तेव्हापासून प्रदर्शनाचं नाव काढलं की स्वरा विषयच बदलायची.

माझ्या पिशवीत एक जुनं पुस्तक आहे. त्यातली मुलगी सायन्स फेअरसाठी खोक्यांचा रोबो बनवते. त्याने झाडाला पाणी घालायचं असतं, तो नेमकं मुख्याध्यापिकाबाईंच्या डोक्यावर घालतो. सगळे हसतात. मुलगी रडवेली होते... आणि मग म्हणते, "मला हवं ते नाही झालं. पण जे झालं ते का झालं, ते दाखवते."

हे पुस्तक स्वराने माझ्याकडून इतक्या वेळा वाचून घेतलं की बाकीची मुलं वैतागली. मला मात्र वाचताना आमची कॉन्व्हेंट शाळा आठवायची. फिनेलचा वास, लाकडी पॉइंटर, आणि चार्टसमोर उभं राहून विसरलेल्या ओळी... आमच्या पुस्तकांतल्या मुलांचे प्रयोग कधी फसायचेच नाहीत. फसल्यावर काय करायचं, ते आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

एका रविवारी पुस्तक मिटता मिटता स्वरा म्हणाली की या वर्षी ती भाग घेणार आहे. फक्त मी तिथे असायला हवं, एवढी अट.

प्रयोग साधा होता. हळदीच्या पाण्यात कागद बुडवायचा, वाळवायचा, पट्ट्या कापायच्या. लिंबाचा रस लावला तर पट्टी पिवळीच राहते, साबणाचं पाणी लावलं की लाल होते.

शनिवारी तिचे आईबाबा कामावर, म्हणून बरोबर तिची आजी आणि मी. आजी मालवणकडच्या. गिरणीत काम करणाऱ्या नवऱ्याबरोबर लालबागला आल्या, त्याला आता कित्येक वर्षं झाली, पण बोली आणि पानाचा डबा दोन्ही अजून सोडलेले नाहीत.

परीक्षक दोन टेबलं पलीकडे होते. स्वराने पट्ट्यांचा डबा उघडला... आणि तिचा चेहरा पडला. प्रत्येक पट्टीवर लाल डाग. स्वच्छ पिवळी अशी एकही नाही.

मला काही उमजेना. आजी मात्र एकदम खचल्या. सकाळी नातीची धावपळ बघून त्यांनीच त्या अजून ओलसर असलेल्या पट्ट्या एकेक करून डब्यात भरल्या होत्या.

"माझोच हात लागलो गो बाय," असं पुटपुटत त्या पिशवी उचलून निघायला लागल्या.

स्वराने त्यांचा हात धरला. धरला तो सोडलाच नाही... ती आजीच्या बोटांकडे बघत राहिली. बोटाच्या टोकाला पांढरं काहीतरी होतं.

तेवढ्यात परीक्षक आल्या. माटुंग्याच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या मॅडम. पट्ट्या आधीच लाल कशा, एवढंच त्यांनी विचारलं.

स्वराने एका हाताने पट्ट्यांच्या डब्याचं झाकण लावायला घेतलं. मी मनात म्हटलं, झालं... गेल्या वर्षीसारखंच. आजींनी माझा दंड घट्ट पकडला होता.

"मॅडम, मला हवं ते नाही झालं," स्वरा म्हणाली. हळूच, पण ऐकू येईल असं. "पण जे झालं ते का झालं, ते दाखवते. माझ्या आजीच्या बोटाला पानाचा चुना होता."

मॅडम चष्मा सरळ करत म्हणाल्या, "चुनाच कशावरून?"

स्वराच्या फाइलमध्ये न कापलेला एक हळदीचा कागद शिल्लक होता. तिने तो पाण्याने जरा ओलसर केला आणि म्हणाली, "आजी, पानाचा डबा काढ."

आजींनी बिचकत डबा उघडला, बोटाला चुना लावला आणि कागदावर टेकवला. बोट उचललं... खाली लालचुटुक ठसा. अगदी पट्ट्यांवर होता तसाच.

मग स्वराने त्यावर लिंबू पिळलं. लाल ठसा आमच्यासमोर विरघळत पुन्हा पिवळा झाला. "चुना साबणासारखा वागतो. लिंबू त्याच्या उलट," ती म्हणाली. आता तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत होता.

मॅडमनी पुढच्या टेबलाकडे जायच्या आधी स्वतःचं बोट पुढे केलं... मलाही करून बघू दे म्हणाल्या. त्यानंतर मुलांची रांगच लागली. आजी खुर्चीवर बसून प्रत्येकाच्या बोटाला चुना लावत होत्या, आणि तो तोंडात घालायचा नाही, असा दमही भरत होत्या.

पहिलं बक्षीस स्वराला मिळालं. स्टेजवर माइक हातात दिला तेव्हा ती थांबली नाही, अडली नाही, सगळा प्रयोग पुन्हा सांगितला. मी टाळ्या वाजवायला उभी राहिले ती तेव्हा.

आजी पदराने डोळे पुसत मला म्हणाल्या, "बघलंस? गेल्या वर्षी माझो हात लागलो नाय, म्हणान बक्षीस रवला."

निघताना स्वराने डाग पडलेली एक पट्टी माझ्या हातात ठेवली. ती आता त्या पुस्तकात आहे... बाईंच्या डोक्यावर पाणी पडतं, त्या पानावर. ज्या कुणी ती गोष्ट लिहिली, त्यांना लालबाग ठाऊक असण्याचं कारण नाही. तरी या रविवारी पुस्तक उघडताना मी त्यांचे मनापासून आभार मानले.