गुरूचं नाव

वाडीच्या गोदामात काम करणारा रुपराव मोबाइलवर एका गुरूकडून ज्यू लोकांची गुरु-शिष्य परंपरेने चालत आलेली गूढविद्या, कबाला, शिकत होता. त्याच्या लहानग्या लेकीला, मिनलला, येणाऱ्या फिट्स म्हणजे भूतबाधा, पट्ट्याने झोडपा, असं गुरूने व्हिडिओ कॉलवर फर्मावलं. रुपरावाने पट्टा उगारताच त्याची बायको सुभद्रा लेकीवर पडली. पट्ट्याने सुभद्राचीच पाठ फुटली, लुगडं रक्ताने भिजलं.

"सरक वं!" रुपराव ओरडला.

"अवो, गुरूचं नाव घेतल्याशिवाय तुमी भजनात कधी टाळ तरी धरता का? मंग याले विचारा, तुले कोनं शिकवलं?"

रुपरावाने मोबाइलमधल्या गुरूला विचारलं.

"मला कोणी गुरू नाही. थेट देवदूत सांगतात. आधी बायकोला झोडप!"

रुपरावाच्या हातून पट्टा गळला. सुभद्राने वरवंट्याने मोबाइलचा चुरा केला आणि मिनलला कडेवर घेऊन दवाखाना गाठला.