पाठ फिरवून ऐकणारे कुळमेथे सर

फोन आला तेव्हा मी डाव्या पायावर उभा होतो. उजवा पाय मागे दुमडलेला, हातात ब्रश, तोंडभर फेस. पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला इतिहासाचा मास्तर रोज सकाळी अंगणात बगळ्यासारखा उभा राहून दात घासतो, याची घाटंजीतल्या आमच्या गल्लीला आता सवय झाली आहे. फोनवर कुळमेथे वहिनी होत्या. "भाऊजी, सर गेले हो... चहाचा कप हातातच होता." फेसामुळे मला शब्द फुटेना. त्या "आयकून राह्यले ना भाऊजी?" म्हणत राहिल्या आणि मी नुसता हुंकारत राहिलो. फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं, मी अजून डाव्याच पायावर उभा होतो. सरांनी आमच्यात काय भरून ठेवलं होतं, ते त्या क्षणी कळलं... आणि मग मी पाय खाली टेकला.

कुळमेथे सर आमच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायचे. निवृत्त झाल्यावरही मुलींच्या फुटबॉल संघाला शिकवायला रोज सकाळी येत. मी त्या संघाचा प्रभारी. कारण एवढंच, की शिक्षकांमध्ये कॅनव्हासचे बूट माझ्या एकट्याकडे होते. पहिल्या दिवशी पाहतो तर मैदानावर चेंडूच नाही! मुली सिमेंटच्या ओट्यावरून एकेक करून उड्या मारत होत्या, आणि सर त्यांच्याकडे पाठ करून, प्लॅस्टिकच्या खुर्चीत, समोरच्या कडुनिंबाकडे तोंड करून बसले होते. "सर, पोरी इकडं आहेत," मी सांगितलं. "मालूम हाय गुरुजी. पाहून कायी समजत नाई, आयका लागते." एवढ्यात मागे कुणीतरी उतरली. न वळता सर म्हणाले, "प्रणाली, गुडघा आत गेला तुया. पुन्हा."

मग त्यांनी मला समजावलं. कुठल्याशा प्रशिक्षण शिबिरातून ते 'न्यूरोमस्क्युलर' असा एक शब्द घेऊन आले होते. माझी जीभ त्यावर तीनदा घसरली, तेव्हा त्यांनी तो सोडून दिला. "या वयात पोरीचे पाय एका साली वीतभर लांब होते. डोक्याले पत्ताच नसते. डोकं जुन्याच पायाले हुकूम सोडून राह्यते. दोघायची बोलचाल करून द्या लागते आपल्याले." त्यासाठी एका पायावर दात घासायचे, डोळे मिटून तोल सांभाळायचा, आणि ओट्यावरून आवाज न करता उतरायचं. "त्यात काय एवढं," म्हणून मी ओट्यावर चढलो आणि उडी मारली. पाण्याची टाकी कोसळली की काय, हे पाहायला शिपाई धावत आला. सर मात्र वळलेसुद्धा नाहीत. "गुरुजी, तुमचे दोन्ही पाय अन् डोकं, तिघंयी एकमेकायशी अबोला धरून हायेत."

असल्या माझ्या हाती आठ दिवस संघ सोपवायचा, हा सरांचा एकमेव चुकीचा निर्णय. पुतणीच्या लग्नासाठी ते मारेगावला गेले. जाताना बजावून गेले, पहिला अर्धा तास चेंडू बाहेर काढायचा नाही. मी दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं : उड्या बंद, गोल सुरू! मुलींनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात मी इतका लोकप्रिय कधीच झालो नव्हतो. आठवड्याच्या शेवटी तालुक्याचे सामने होते. एकाच दिवशी दोन. दुसऱ्याच्या मध्यंतरात प्रणाली जवळ आली. "सर, पाय जड झाले. थोडं बसू का?" आम्ही एका गोलनं मागे होतो. मी म्हटलं, "दहा मिनिटं कर गं बेटा." चौथ्या-पाचव्या मिनिटाला ती हेडरसाठी उंच उडाली आणि खाली आली... धप्प. एवढे महिने सर कुठल्या आवाजासाठी कान लावून बसत, ते तेव्हा मला कळलं.

यवतमाळच्या डॉक्टरांनी गुडघ्यातलं लिगामेंट अर्धवट फाटल्याचं सांगितलं. ऑपरेशनची गरज नव्हती, पण वर्षभर व्यायाम करायचा आणि घाई करायची नाही. प्रणालीची आई अंगणवाडीत मदतनीस. तिनं मारेगावहून धावत आलेल्या सरांना एवढंच विचारलं, "खेळन का माही पोरगी?" सर म्हणाले, "खेळन. पण मी सांगीन तवा." परत येताना मी त्यांची माफी मागू लागलो, तर मध्येच तोडून म्हणाले, "आठ दिवस उड्या न मारल्यानं कायी होत नसते. माह्यासमोरयी झालं असतं. पण पोरगी थकली म्हणत होती, तवा तुमी तिच्या खेळाले 'नाई' म्हणाले नाई. तेवढं शिका." आणि शिक्षा म्हणून माझं दात घासणं त्या दिवसापासून एका पायावर आलं.

वर्षभर सर रोज तिच्या घरी जात. आधी भिंतीला धरून उभं राहणं, मग भिंत सोडून, मग डोळे मिटून. तिच्यासोबत तिची आईही चुलीपाशी एका पायावर उभी राहू लागली. मग प्रणाली शाळेच्या ओट्यावर आली. सरांचा नियम होता, ओळीनं सहा उड्या बिनआवाजाच्या झाल्या की मैदानात. चारपर्यंत ती पोहोचली होती... आणि सर गेले.

तेरवीनंतर मायलेकी माझ्याकडे आल्या. "सर, आता कोन आयकन?" आईनं विचारलं. कुकरच्या तीन शिट्ट्यांना दोन समजणाऱ्या माणसाला हा प्रश्न! पण दुसरं होतं तरी कोण? वहिनींनी सरांची खुर्ची शाळेतच राहू द्या म्हणून सांगितलं होतं. मी ती कडुनिंबाकडे तोंड करून मांडली आणि बसलो. पाचव्या उडीला बारीकसा 'टप्' आला. इतका बारीक, की चिमणीचाही असू शकला असता. आई ओट्याजवळ पदर चावत उभी असणार, हे मला न पाहताही दिसत होतं. हो म्हणून टाकावं, असं फार वाटलं. मी म्हटलं, "नाही. उद्या पहिल्यापासून." प्रणाली पाय आपटत घरी गेली. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तर पहिल्याच उडीला.

परवा पुन्हा बसलो. एक. दोन. तीन. चार. पाच. मी कडुनिंबाकडे पाहत सहावीची वाट पाहू लागलो. बराच वेळ गेला. घाबरली असेल, असं वाटून मी न वळताच ओरडलो, "मार ना गं उडी!"

"मारली सर," अगदी माझ्या पाठीशी उभी राहून ती म्हणाली, "कवाचीच."

मी उठलो नाही. आई लांबून विचारत होती, "काय झालं सर? आला का आवाज?" मी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि सरांसारखाच, न वळता म्हणालो, "नाई आला, बाई. चेंडू काढा."