भिंतभर कपाट आणि बापूंची आंघोळ

माझ्या बहिणीचं लग्न न्हाणीघराच्या बंद दारातून ठरलं. दार मी बंद केलं होतं. बाहेरून. खिळे ठोकून.

त्या वर्षी आम्ही गिरगावातली खोली सोडून विरारला बोळिंजमध्ये नव्या इमारतीत राहायला आलो होतो. आम्ही म्हणजे माझे वडील बापू, बायको सुलभा, धाकटी बहीण मीना, मी आणि माझी पुस्तकं. यांतल्या पुस्तकांना तेवढी जागा मिळालेली नव्हती. ती पलंगाखाली, माळ्यावर आणि (सुलभाच्या म्हणण्याप्रमाणे) तिच्या डोक्यावर होती.

अशात मीनाला बघायला सफाळ्याचे राऊत येणार असं ठरलं. मुलगा गिरीश बँकेत, वडील निवृत्त शिक्षक. "माणसं वाचणारी आहेत हो," असं मध्यस्थ म्हणाले आणि माझ्या डोळ्यांसमोर हॉलची मोठी भिंत जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकांनी भरून उभी राहिली.

"सुताराला बोलवा," सुलभा म्हणाली.

"सुतार कशाला? मी आहे ना!"

हे वाक्य आमच्या घरात याआधी गळक्या नळाच्या वेळी उच्चारलं गेलं होतं. त्या नळाखाली अजून बादली होती.

वालीवला एक कारखाना बंद पडला होता. तिथली भुशाच्या बोर्डाची चार उघडी कपाटं मला स्वस्तात मिळाली. का स्वस्तात मिळाली, ते टेम्पोतून उतरवताना कळलं. चौघांची उंची वेगवेगळी होती. एकाला पाठच नव्हती आणि एक मोठ्यांना नमस्कार केल्यासारखं कायम पुढे वाकलेलं होतं.

मदतीला माझा ऑफिसातला मित्र सायमन आला. हा मूळचा वसईचाच. त्याच्याकडे ड्रिल होतं, आणि त्याहून धोकादायक म्हणजे आत्मविश्वास होता.

"हे बघ," तो म्हणाला, "फट दिसली की ते कपाट. फट बुजवली की झालं भिंतीतलं फर्निचर! सगळी जादू पट्टीची आहे. कपाटं ओळीत लावायची, सांध्यांवर पट्ट्या मारायच्या, वरून एकच रंग. लोक विचारतील, आर्किटेक्ट कोण?"

(पुढे लोकांनी बरंच काही विचारलं. हे मात्र कोणी विचारलं नाही.)

भिंतीच्या एका टोकाला खिडकी होती आणि दुसऱ्या टोकाला न्हाणीघराचं दार. न्हाणीघर इतकं लहान, की दार आत उघडायचं तर माणसाला बाहेर थांबावं लागलं असतं. म्हणून बिल्डरने ते हॉलमध्ये उघडणारं ठेवलं होतं. हा तपशील महत्त्वाचा आहे. त्या दिवशी तो आमच्या लक्षात नव्हता.

पाहुणे ज्या रविवारी येणार, त्याच रविवारी आम्ही सकाळपासून कामाला लागलो. बुटक्या कपाटांखाली विटा घातल्या. पुढे वाकलेल्याला पाचर मारून सरळ केलं. बापू खुर्ची टाकून समोर बसले.

"तिरकं आहे."

"बापू, तुमचा चष्मा तिरका आहे."

"चष्मा काढून बघितलं. तरी तिरकं आहे."

दुपार झाली. सुलभा आणि मीना पुस्तकं भरू लागल्या. भिंत एवढी मोठी, की माझी पुस्तकं अर्ध्यावरच संपली! इतकी वर्षं घर खाणारी पुस्तकं नेमकी आजच कमी पडावीत, याचं सुलभाला फार वाईट वाटलं. तिने उरलेल्या खणांत जुनी पंचांगं, टेलिफोन डिरेक्टऱ्या आणि मीनाची कॉलेजची जर्नल्स पाठ आत करून लावून टाकली. लांबून छान दिसत होतं.

तेवढ्यात सायमनने वर करवत चालवली आणि सगळा भुसा बापूंच्या डोक्यावर पडला. "आता मला माणसांत यायला पुन्हा आंघोळ करावी लागणार," असं पुटपुटत ते न्हाणीघरात गेले. मी तेव्हा स्टुलावर छताकडे तोंड करून उभा होतो आणि दातांत खिळे होते. मी "हं" म्हणालो. पण ऐकलं काहीच नाही.

मग शेवटची पट्टी आली, कपाट आणि न्हाणीघराची चौकट यांच्यातली. सायमनने मुद्दाम रुंद पट्टी निवडली. चांगले लांब खिळे घेऊन आम्ही ती पक्की ठोकली. आत पाणी वाहत होतं, बापू तारस्वरात स्तोत्र म्हणत होते आणि बाहेर दोन हातोडे चालू होते. कोणाचंच कोणाला ऐकू गेलं नाही. पट्टी चौकट झाकून बोटभर दारावर आली होती. आम्हाला वाटलं, किती सफाईदार बसली!

राऊत मंडळी ठरलेल्या वेळेच्या आधीच आली. (शिक्षक!) सुलभाने पोह्यांबरोबर सुकेळी, म्हणजे वसईकडची सुकवलेली केळी, ठेवली. राऊतसरांनी भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "वा! म्हणजे घरात वाचनसंस्कृती आहे." मी नम्रपणे मान खाली घातली.

"वडील दिसत नाहीत?" राऊतकाकूंनी विचारलं.

"मी इथे आहे!" भिंत म्हणाली.

सगळे उठून उभे राहिले. दाराला आतून दणका बसला आणि पंचांगांचा एक खण थरथरला.

"अरे, दार का उघडत नाही?"

मी पट्टीकडे पाहिलं. सायमनने पट्टीकडे पाहिलं. सुलभाने आमच्या दोघांकडे पाहिलं.

मी हातोडीच्या मागच्या बाजूने पट्टी उचकटायला गेलो, तर सगळी भिंत कुरकुरली. सायमन कानात म्हणाला, "हळू! शेवटचं कपाट तिच्यावरच उभं आहे."

"आधी पुस्तकं उतरवू या," गिरीश शांतपणे म्हणाला आणि शर्टाच्या बाह्या सरसावून कामाला लागला. पहिल्याच खेपेला त्याच्या हातात टेलिफोन डिरेक्टरी आली. दुसऱ्या खेपेलाही. त्याने दोन्ही नीट एकावर एक ठेवल्या. राऊतसरांनी मात्र एक उघडून पाहिली. "पात्रं भरपूर आहेत," ते म्हणाले.

मीना स्वयंपाकघरात पळाली.

आतून बापू ओरडले, "पाहुणे आलेत ना? मग वेळ कशाला घालवता? सर, मुलाला काही व्यसन?"

"नाही हो!" राऊतसर दाराशी तोंड नेऊन म्हणाले.

"घोरतो का?"

"थोडासा," काकूंनी कबूल केलं. "आणि तुमची मुलगी?"

"घोरत नाही. तापट आहे."

"बापू!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"ऐकलंत? ही अशी! पण मनात काही ठेवत नाही. स्वयंपाक बेताचा. भाजीत मीठ विसरते. पण मी आजारी होतो तेव्हा रात्र रात्र माझ्या उशाशी बसली होती पोर." आत नाक शिंकरल्याचा आवाज आला. "मला ती लांब द्यायची नाही. सफाळं चालेल."

समोर बसून बापूंना यातलं एक वाक्यही बोलता आलं नसतं.

गिरीशने दार न्याहाळलं. "कब्जे बाहेरच्या बाजूला आहेत," तो म्हणाला. "दारच काढून घेऊ."

राऊतसर आणि काकू परत सोफ्यावर जाऊन बसले, आणि त्याने व सायमनने भराभर स्क्रू काढले. "अरे, थांबा! माझे कपडे बादलीत पडलेत!" असं बापू ओरडेपर्यंत दार निघालंही होतं. आत बापू, फक्त पंचावर, एका हाताने पंचा धरून उभे. दुसऱ्या हाताने त्यांनी जमेल तेवढा नमस्कार केला.

राऊत पतिपत्नी आदराने उठून चार पावलं पुढे झाली आणि सायमनने काढलेलं दार टेकवलं. कशाला? कपाटाला!

आधी पाचर उडाली. मग नमस्कार करणाऱ्या कपाटाने साष्टांग घातला आणि उरलेली तिघं त्याच्या मागोमाग गेली. सगळी वाचनसंस्कृती सोफ्यावर कोसळली. नेमकी तिथेच, जिथे क्षणापूर्वी राऊत मंडळी बसली होती.

भुसा खाली बसल्यावर राऊतसर म्हणाले, "तुमच्या वडिलांसाठी उठलो, म्हणून वाचलो."

आता हे स्थळ गेलं, हे मला कळून चुकलं. मीना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती आणि तिचे डोळे भरले होते. काकू तिच्याजवळ गेल्या. "आजवर जिथे गेलो तिथे मुलगी गुणांची खाण होती," त्या म्हणाल्या. "तापट मुलगी पहिल्यांदाच भेटली. इथे विश्वास ठेवायला हरकत नाही."

गिरीश भुशाने पांढरा झाला होता. मीनाने त्याच्याकडे बघितलं आणि तिला हसू फुटलं. मग त्यालाही.

लग्न झालं. भुशाच्या बोर्डांचं पुढे काय झालं ते सुलभाने मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. काही वर्षांनी गिरीश आणि मीनाने स्वतःचं घर घेतलं. वास्तुशांतीची पत्रिका आली. खाली नेहमीप्रमाणे छापलेलं होतं, 'कृपया आहेर आणू नये.' आमच्या पत्रिकेवर त्याखाली मीनाच्या अक्षरात एक जास्तीची ओळ होती:

'दादा, हत्यारंसुद्धा!'