नऊशे बारा किलोमीटर

शोरूममध्ये लाल स्पोर्ट्स कारपाशी एक जोडपं अडून बसलं होतं. त्याला मोठं इंजिन हवं होतं. ती म्हणाली, "लहानच घे रे, आपल्याला कुठे घाई आहे?"

मीही ह्यांना हेच म्हणाले होते. इंजिन लहान असलं की माणूस जास्त दिवस पुरतो, असंच काहीसं वाटलं असावं मला. ह्यांनी मुकाट ऐकलं. नवी गाडी पहिले हजार किलोमीटर दामटायची नसते, म्हणून जपूनच चालवायचे. "हजार होऊ देत, मग बघ घाटात!" म्हणायचे. त्याआधीच एका दुपारी झोपेत गेले.

"काकू, तुमची विकायची गाडी किती चाललीय?" सेल्समनने विचारलं.

"नऊशे बारा किलोमीटर."

"म्हणजे नवीच की!" तो खूश झाला.