डबा रिकामा द्यायचा नसतो

प्रतिमा वानखेडेशी वैर घेऊ नये, असं ओहायोतल्या डब्लिनमधली मराठी मंडळी आपसांत म्हणायची आणि हसायची. नागपुरात कॉलेजात असताना घरमालकानं हिच्या खोलीचा नळ तोडला, तेव्हा ही पोरगी जाऊन त्याच्याच स्कूटरवर बसली. आत त्याच्या मुलीला बघायला पाहुणे आलेले. "ही कोण?" म्हणून पाहुण्यांनी विचारलं, तर हिनं नळापासून सुरू केलं आणि सगळं सांगितलं. दिवस मावळायच्या आत पाणी आलं. पाहुणे पुन्हा आले नाहीत. राग आला की प्रतिमा तो गिळत नसे, ओकतही नसे. कैरीसारखा मुरत घाले.

ओहायोत येऊन ती एका इन्शुरन्स कंपनीत टेस्टर झाली. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या आणि समोरचा कबूल होईपर्यंत त्याचा पिच्छा सोडायचा नाही. "तुझ्यासाठीच देवानं ही नोकरी काढली," असं तिचा नवरा शंतनू म्हणायचा.

त्यांचं टाउनहाउस ओळीतलं शेवटचं. मागे लाकडी कुंपण आणि कुंपणापलीकडे डार्ल क्रॅब्ट्रीचं शेत. बिल्डरनं आजूबाजूची सगळी जमीन घेतली, डार्लनं दिली नाही. शेताच्या तोंडाशी त्यानं फळी ठोकली होती: 'हे सरकार माझं नाही.' ट्रकला नंबरप्लेट नाही, टॅक्स भरायचा नाही, कोर्टाचा कागद आला की चुलीत. डार्ल काही देवमाणूस नव्हता, आणि मेला म्हणून त्याला देव करायचं कारणही नाही. पहिल्या वर्षी शंतनू गवत कापत होता, तेव्हा हा पलीकडून ओरडला होता, "आलात तिकडंच परत जा!" शंतनूनं मशीन बंद केलं आणि निमूट घरात आला. प्रतिमानं ते लक्षात ठेवलं.

मग दिवाळी आली. ओळीतल्या सगळ्या घरांत फराळ देऊन झाला, एक डबा उरला. प्रतिमा तो घेऊन कुंपणाकडे निघाली.

"वेडी आहेस का यार? गोळी घालेल तो."

"घालू दे. शंकरपाळे खाऊन घालेल."

तिनं डबा कुंपणाच्या कोपऱ्यातल्या जाड खांबावर ठेवला. दोन-तीन दिवसांनी तो तिथंच परत आला. घासूनपुसून लख्ख, आणि रिकामा. डार्लची बायको लोरीन पलीकडे कोंबड्यांना दाणे टाकत होती. प्रतिमानं तिला हाक मारली आणि सांगितलं, "आमच्यात डबा रिकामा परत देत नाहीत."

लोरीन कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग मोठ्यानं हसली. "मला कोणी सांगितलं होतं का?" म्हणाली, आणि एप्रनमधली अंडी डब्यात भरली.

तिथून ते सुरू झालं. इकडून पोहे, थालीपीठ, पुरणपोळी. तिकडून अंडी, घेवड्याच्या शेंगा, सफरचंदाचा मुरंबा. एकदा डब्यात नुसती झिनियाची फुलं आली. त्या आठवड्यात पलीकडे खायला काही नाही, हे प्रतिमाला फुलांवरून कळलं आणि दुसऱ्या दिवशी तिनं डबा मोठा भरला. रिकामा मात्र तो कधी आला नाही. शेवटी शेवटी तर डार्लच आतून ओरडायचा, "लोरीन, त्या बाईच्या डब्यात काही घातलंस का?" शंतनूला तो अजून हॅलो म्हणत नसे. पण ओरडायचा ते डब्यासाठी.

डार्लनं बंदुकांत कायद्याबाहेरचे फेरफार करून त्या कोणाला तरी विकल्या, खटला झाला तर कोर्टाच्या तारखेला गेला नाही. ज्या कोर्टाला मी मानत नाही त्याच्या तारखेला कशाला जाऊ, हे त्याचं म्हणणं. मग केंद्राचे एजंट आले. मक्याच्या शेतात चिलखती गाड्या उभ्या राहिल्या. ओळीतली घरं रिकामी केली. प्रतिमाचं घर तेवढं त्यांनी ताब्यात घेतलं, कारण तिच्या वरच्या खिडकीतून क्रॅब्ट्रींचं दार समोर दिसायचं. आणि त्यांना प्रतिमाही हवी होती.

त्यांचा प्रमुख टिल्मन म्हणून होता. रुंद जबड्याचा, बाईमाणसाशी बोलताना घड्याळाकडे बघणारा. त्यानं तिच्यासमोर एक कोवळा पोरगा आणून बसवला. ओजस. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला वाढलेला, आईबाप पुण्याचे. मराठी बोलायचा तो अडखळत, पण गोड.

"काकू, ते फक्त तुम्हालाच ट्रस्ट करतात. तुम्ही डबा पाठवा ना. दे विल सी की आपण फ्रेंडली आहोत."

"आणि मग?"

"मग ते शांत होतील, बाहेर येतील. कोणाला काही होणार नाही."

"हे तू सांगतोस की तुझा साहेब?"

"मी सांगतो काकू. आईशप्पथ."

इथं प्रतिमा फसली. कोणा जॉननं किंवा माइकनं शपथ घेतली असती तर तिनं दहा प्रश्न विचारले असते. पण 'आईशप्पथ' ऐकलं आणि ही चुका काढणारी बाई चूक काढायची विसरली. आपलं लेकरू आहे, आईला मध्ये घालून खोटं बोलणार नाही. आपल्या माणसांची ही जुनीच खोड.

तिनं शंकरपाळे तळले. एजंटांच्या देखत खांबावर डबा ठेवून हाक मारली, "लोरीन, मी आहे गं!" मराठीतच मारली. लोरीन आली, दोघींची नजर भेटली. लोरीननं डबा छातीशी धरला आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा बाहेर आली. डबा खांबावर ठेवला. दोन्ही हात वर करून उघडे दाखवले आणि परत दाराकडे वळली, नवऱ्याला आणायला.

ओजसनं डबा आणून प्रतिमाच्या ओट्यावर ठेवला. झाकण नीट बसलं नव्हतं, वर निळ्या फडक्याची गाठ मारलेली. टिल्मननं गाठ सोडली. आत ओंजळभर काडतुसं होती, आणि त्यांच्यावर तिरकी टेकवलेली एक पोलादी दांडी, दाराच्या कडीसारखी, टोकाला गोल मूठ. दांडी काय आहे ते प्रतिमाला कळलं नाही. काडतुसं कळली.

"त्यांनी डबा भरून दिलाय," ती टिल्मनला म्हणाली. "आम्ही रिकामा देत नाही, त्यांना माहीत आहे. त्यांच्याकडे होतं ते देऊन टाकलं. ते येताहेत बाहेर!"

"मॅडम," टिल्मन म्हणाला, "माझ्याकडे भरपूर गोळ्या आहेत, असं हा माणूस सांगतोय."

"नाही हो! ओजस, अरे तू सांग ना यांना. तुला माहीत आहे ना?"

ओजसनं प्रतिमाकडे बघितलं. मग साहेबाकडे. मग जमिनीकडे.

टिल्मननं दांडी उचलून जाकिटाच्या खिशात टाकली आणि वॉकीटॉकी तोंडाशी धरली. चहाचं आधण उकळेल इतक्याच वेळात सगळं संपलं. डार्ल उंबऱ्यावर पडला, लोरीन त्याच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात. तिच्या हातात काही नव्हतं.

टीव्हीवर सांगितलं की कुटुंबानं एजंटांना डबाभर गोळ्या पाठवून धमकावलं आणि मग पहिली गोळी झाडली. दांडीचा उल्लेख कुठंच नव्हता.

काही आठवड्यांनी बेल वाजली. दारात ओजस, हातात प्लास्टिकची पिशवी.

"काकू, तुमचा डबा. तपास झाला."

प्रतिमानं झाकण उघडलं. आत काही नव्हतं. पुण्याच्या बाईचं पोर, दोन माणसं मेल्यावर तिचा डबा रिकामा परत करत होतं.

"रिकामा?" तिनं विचारलं.

"सॉरी काकू," म्हणत तो गाडीकडे पळाल्यासारखा गेला. प्रतिमा दारातच उभी राहिली. रडली नाही. त्या दिवशी कैरी बरणीत पडली.

लोरीनच्या बहिणीनं सरकारवर दावा लावला. प्रतिमानं तिची वकीलबाई शोधून काढली आणि आपण होऊन साक्षीदार झाली. शंतनूनं जेवणाचं ताट बाजूला सारलं.

"अगं, आपलं ग्रीन कार्ड लटकलंय. फेडरल माणसांविरुद्ध उभी राहतेस?"

"हो."

"त्यांनी फाइल दाबली तर?"

"तर नागपूरला जाऊ. तिथं घरमालकाची ती स्कूटर अजून असेल."

"जोक नकोय मला, प्रतिमा."

"मीही जोक करत नाहीये. माझ्या ओट्यावर त्यांनी तो डबा उघडला, शंतनू. त्या ओट्यावर मी रोज पोळ्या लाटते. टिल्मनच्या तोंडून खरं काढल्याशिवाय मला घास जात नाही."

 दुसऱ्या दिवशी शंतनूनंच मागच्या अंगणातल्या कॅमेऱ्याची क्लिप शोधून वकीलबाईला पाठवली. हरणं भाजी खातात म्हणून त्यानं तो लावला होता, आणि खांब त्यात स्वच्छ दिसायचा.

वकीलबाईच्या ऑफिसात डार्लच्या बंदुकीसारखीच एक रायफल टेबलावर होती. बाईनं मागची दांडी ओढून काढली, आणि प्रतिमा खुर्चीतून उठली. "हीच! हीच होती डब्यात!"

"हा बोल्ट," वकीलबाई म्हणाली. "हा काढला की बंदूक म्हणजे नुसतं लाकूड. गोळी सुटूच शकत नाही." मग ती थांबली. "पण कोर्टात जमा केलेल्या डार्लच्या रायफलीत बोल्ट आहे."

खिशात गेलेली दांडी बंदुकीत परत कोणी बसवली, हे प्रतिमाला कोणी सांगावं लागलं नाही. पण सिद्ध कसं करायचं? एका बाजूला टिल्मन आणि त्याची माणसं, दुसऱ्या बाजूला ग्रीन कार्डाची वाट बघणारी एक शेजारीण. ती त्या रात्री आणि नंतरही ती क्लिप पुन्हा पुन्हा बघत राहिली. निळं फडकं. गाठ. गाठ कशाला? रोज तर डबा नुसता झाकण लावून यायचा.

कोर्टात टिल्मन शांतपणे बोलला. डब्यात फक्त काडतुसं होती, बोल्ट-बिल्ट काही नव्हतं. सरकारी वकील प्रतिमाकडे वळून गोड हसला. "तुमचा अर्ज अजून पेंडिंग आहे, नाही का?"

"हो," प्रतिमा म्हणाली. "म्हणून मी खोटं बोलायला घाबरते. तुमच्या माणसांना कसली भीती नाही."

न्यायाधीशांनी तिला समज दिली. ती कपाळावरची बट मागे सारून म्हणाली, "सॉरी, युअर ऑनर. मी पुराव्यात दिलेला डबा मिळेल का?"

तिनं डबा मांडीवर घेतला, झाकण उघडलं. जमा केलेली सगळी काडतुसं एकेक करून त्यात घातली. झाकण ठेवून तळव्यानं दाबलं. खट्ट. मग डबा उलटा धरला, हलवला, एकही गोळी बाहेर पडली नाही.

"स्टीलचा डबा आहे. झाकण एकदा बसलं की लोरीनच्या हाताला निघत नसे, तिला सुरीचं टोक घालावं लागायचं. मग त्या दिवशी फडकं कशाला बांधलं?"

वकीलबाईनं डार्लच्या रायफलीतून बोल्ट काढून तिच्या हातात दिला. प्रतिमानं तो काडतुसांवर तिरका टेकवला. झाकण एका बाजूला वर उचललं गेलं. तसाच कोन, तशीच फट, जशी समोरच्या पडद्यावरच्या क्लिपमध्ये फडक्याखाली दिसत होती. न्यायाधीश पुढे झुकले. टिल्मननं घड्याळाकडे बघितलं. या वेळी त्याला वेळ दिसली नसावी.

पुढचा साक्षीदार ओजस होता. तो पिंजऱ्याकडे जाताना प्रतिमाच्या जवळून गेला, तेव्हा ती मराठीत, सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "शपथ घेशील तेव्हा आठव, पहिली कोणाची घेतली होतीस."

पुन्हा समज मिळाली. चालेल. पोरगा हात वर करून उभा राहिला. पहिल्याच प्रश्नाला त्यानं टेबलावरच्या डब्याकडे बघितलं. मग म्हणाला, "बोल्ट होता. साहेबांनी खिशात टाकला. परत बसवला तेव्हा मी तिथंच होतो."

टिल्मनचा जबडा पहिल्यांदा सैल पडला. प्रतिमानं त्याचा चेहरा डोळे भरून बघितला. लोरीनच्या वाट्याचाही बघितला. त्याची नोकरी गेली, पुढे खटला उभा राहिला, तो त्याच्या घरच्या गल्लीत मान खाली घालून चालू लागला, हे तिनं बातम्यांत वाचलं तेव्हा पोळीवर तूप जरा जास्त घातलं. मराठी मंडळातल्या एक मावशी म्हणाल्या, "जाऊ दे गं आता, क्षमा करावी माणसानं." प्रतिमा म्हणाली, "तुम्ही करा मावशी. मेली ती माझी मैत्रीण होती."

आणि मग एका रविवारी पुन्हा ओजस दारात. दाढी वाढलेली, नोकरी सोडलेली. हातात स्टीलचा डबा, त्यावर त्याच्या आईचं नाव कोरलेलं: 'सौ. चारुता'.

"काकू, आईनं बेसनाचे लाडू पाठवलेत. मी टेस्टिमनी दिली ना... ती म्हणाली, काकूंना भेटून ये. आपलं सगळं ठीक आहे ना, काकू?"

"आईला काय सांगितलंस?"

"हेच की मी खरं बोललो."

"आणि त्याआधी गप्प बसला होतास, ते?"

ओजसनं डबा पुढे केला. प्रतिमानं डबा घेतला, आत गेली. लाडू एकेक करून आपल्या ताटात काढले. त्या माउलीचा काय गुन्हा, आणि अन्न टाकायचं नसतं. मग डबा घासला. कोरड्या फडक्यानं आतून-बाहेरून पुसला. झाकण दाबून बसवलं. ओट्यावर शेंगदाण्याची चटणी ताजी होती, फोडणीचा वास घरभर होता. तिनं तिकडे ढुंकूनही बघितलं नाही.

दारात येऊन तिनं डबा त्याच्या हातात ठेवला. त्याला तो हलका लागला. त्यानं वर बघितलं.

"काकू, हा..."

"रिकामा आहे," प्रतिमा म्हणाली. "आई विचारेल, का म्हणून. तेव्हा सगळं सांग. डब्यापासून सुरू कर."