अण्णाने देवाला लावलेला कौल

अण्णा गेल्याची बातमी पौडच्या स्टँडवर कळली, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं, की ही त्याचीच काहीतरी खेळी असणार. मला आपल्या दारात आणायची. आता तीन आठवडे झाले, तरी हे लिहिताना लाज वाटते. पण खोटं कशाला लिहू? मामलेदार कचेरीत माझी निम्मी हयात कारकुनीत गेली. अर्ज समोर आला की त्यात खोट कुठे आहे ते आधी बघायचं, मग अर्ज वाचायचा. ती सवय घरी आली, मैदानावर आली आणि शेवटी आमच्या मैत्रीतही घुसली... त्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो, पण चेहरा बघेपर्यंत माझा विश्वास बसला नव्हता.

अण्णा आमच्या पौडच्या फुटबॉल क्लबचा मॅनेजर. त्याआधी तो पुण्यात एका कारखान्याच्या संघातून हाफबॅक खेळायचा. बूट घालून फुटबॉल खेळलेला आमच्या गावातला तो पहिला माणूस. एका सामन्यात घोटा मोडला, कारखान्याने त्याच्या जागी दुसरा घेतला आणि अण्णा लंगडत गावी परतला. आम्ही तेव्हा भात काढून झालं की दोन खाचरांमधला बांध सपाट करायचो आणि अनवाणी खेळायचो. धसकटं पायात घुसायची. जे अकरा जण आधी पोचतील तो संघ. अण्णाने येऊन कोणी कुठे उभं राहायचं, कोणी बाहेर बसायचं ते ठरवायला सुरुवात केली. लोकांना हे काही झेपेना. "सोता खेळत न्हाई आन आमाला नाचवतोय," असं उघड बोलायचे. वरच्या आळीला वाटायचं हा खालच्या आळीला धरून आहे, खालच्या आळीला वाटायचं वरच्या. मला दोन्ही खरं वाटायचं.

जागेवरून भांडण पेटलं की भैरवनाथाला कौल लावायचा, ही तोड अण्णानेच काढली. गावात पेरणीला, सोयरिकीला कौल लावायचेच. गुरवाने देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या कळ्या चिकटवायच्या. जी आधी पडेल तो देवाचा निर्णय. मॅनेजरवर रुसता येतं, देवावर कोण रुसणार? खरं सांगायचं तर आमचा क्लब त्या कळ्यांवरच टिकला.

मग ते साल आलं. पुण्यात कॅम्पातल्या मैदानावर अंतिम सामना, आणि गोलात उभं कोण राहणार, मी की वरच्या आळीचा यशवंता? चार वर्षं मी गोल राखला होता. कचेरीत मला कोणी ओळखत नव्हतं, पण गोलात उभा राहिलो की सारा गाव माझं नाव घेऊन ओरडायचा. मला आयुष्यात तेवढंच हवं होतं. यशवंताच्या आळीने हट्ट धरला, तेव्हा कौल ठरला. उजवी कळी माझी, डावी त्याची. आदल्या संध्याकाळी मी कचेरीतून येत होतो, तर अण्णा धोंडीबा गुरवाच्या घरातून बाहेर पडताना दिसला. मला बघून त्याने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी डावी कळी पडली, तीही लगेच.

"देवानं दिलं त्ये दिलं, गोविंदा," अण्णा म्हणाला.

"देवानं, का गुरवानं?"

त्याने उत्तर दिलं नाही. ते गप्प राहणं मी कबुलीजबाब म्हणून धरलं. पुढे सात वर्षं मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. सामना आम्ही तीन गोलांनी हरलो, आणि मला आनंद झाला. हेही लिहूनच टाकतो.

अण्णाच्या दहाव्याला नदीवर धोंडीबा माझ्याशेजारी येऊन बसला. आता थकलाय बिचारा, नीट दिसत नाही.

"त्या दिशी तुमी अण्णाला माझ्या घरातनं निगताना पायलंत, व्हय ना?"

"पाहिलं."

"त्यो तुमच्यापायीच आलता. उजवी कळी जरा सैल लाव, म्हनला. गोविंदाबिगर गोल कोन राखनार, म्हनला. म्या त्याला उंबऱ्याभाईर काडला. देवाफुडं लबाडी करतोस व्हय, म्हनलं. आन पडली ती डावी... देवाच्या मनानं."

"मग मला का नाही सांगितलं त्याने?"

"काय सांगनार? म्यानेजरनंच कौलात हात घातला म्हनल्यावर पोरं ऱ्हायली आसती का? दुसऱ्या दिशी दोन्ही आळ्या फुटल्या आसत्या."

माझ्या तोंडून पहिलं निघालं ते हे, की "धोंडीबा, देवाची शपथ घेशील?" तो काठी टेकत उठून गेला.

म्हणजे माझा संशय खरा होता. अण्णा लबाडी करायलाच गेला होता. ज्याने कधी कोणाची बाजू घेतली नाही, त्याने एकदाच घेतली, ती माझी. आणि त्याची सजा मी त्याला सात वर्षं देत राहिलो. बाकी कशाचं नाही, या एका गोष्टीचं दुःख मला आता जन्मभर पुरेल.

एक गोष्ट राहून राहून आठवते. त्याच्या घरून मैदानाकडे जायला स्टँडवरचा रस्ता जवळचा. तरी त्या सात वर्षांत दर रविवारी सकाळी तो दुखरा पाय ओढत आमच्या आळीतून जायचा. माझ्या दाराशी थांबायचा, वाकून घोटा चोळायचा, जरा रेंगाळायचा. मला वाटायचं, मुद्दाम खिजवायला येतोय. मी आतून दार लोटून घ्यायचो.

आता रविवारी सकाळी मी दार उघडं ठेवून रस्त्याकडे तोंड करून बसतो. परवा बायकोने विचारलं, "कोणी येणार आहे का?" नाही म्हटलं, आणि दार तसंच राहू दिलं.