आधी सही, मग अक्षरं

लोणावळ्याच्या वाचनालयात मी प्रौढांचा वर्ग चालवत असे. बाजाराच्या दिवशी, भर दुपारी. डोंगरवाड्यांतली माणसं मोळ्या विकायला तेव्हाच खाली उतरत. आमच्या कार्यकारी मंडळाला हा वर्ग डोळ्यांत खुपायचा. घामाचा वास पुस्तकांना लागतो म्हणे! शेवटी त्यांनी ठणकावलं, दिवाळीपर्यंत दहा जणांना सही आली नाही तर खोली सोडा.

मी घाबरलो आणि लबाडी केली. अक्षरओळख गुंडाळून ठेवली आणि थेट सह्याच गिरवून घेतल्या. एका वाडीचे म्होरके, म्हातारे आबा, सगळ्यांत आधी तयार झाले. एकही अक्षर त्यांना सुटं ओळखता येत नसे, पण स्वतःचं नाव ते रांगोळी काढावी तसं एका दमात काढत. वर्ग वाचला. मी चक्क पेढे वाटले.

पुढच्या उन्हाळ्यात एका बंगलेवाल्याचा कारभारी वाडीवर कागद घेऊन गेला. अंगठा घ्यायचा तर कागद आधी चारचौघांत वाचून दाखवायची रीत होती. पण आबा ताठ मानेनं म्हणाले, "अंगठा कशापायी? मला सही येती." सही करणाऱ्याला कोण कशाला वाचून दाखवतो? खालच्या झऱ्यावर वाडीचा काही हक्क नाही, असं त्या कागदात होतं. आठवड्याभरात झऱ्याला काटेरी तार लागली आणि बायका हंडे घेऊन पार नदीपर्यंत उतरू लागल्या.

मी त्या कारभाऱ्याचे पाय धरले. वकिलाकडे गेलो, मंडळाच्या अध्यक्षांकडे गेलो. सगळ्यांचं एकच, "सही त्याचीच ना? मग शिकवली कुणी?" इतका हताश मी आयुष्यात कधी झालो नाही.

वाडीची माणसं वर्गाला यायची थांबली. एका बाजाराला आबा एकटेच आले आणि पाटीसमोर बसले.

"आबा, चुकलं माझं," मी म्हणालो. "आता पहिल्यापासून वाचायला शिकवतो."

"वाचून काय करू, मास्तर? वाडीत माझ्या हातचं पानी कुनी घेईना." ते बोटाकडे बघत राहिले. "बसल्या जागी हात आपसूक मातीत नाव काढतोय. ते इसरायचं कसं, तेवढं शिकवा."

मला ते येत नव्हतं.